मनाच्या डॉक्टरांची शाळा

मुलांनो, दात किडला तर तुम्ही कुणाकडे जाता? दातांच्या डॉक्टरांकडे. फळ्यावरचं नीट दिसेनासं झालं तर? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सायकलवरून पडून हात मोडला, तर हाडांच्या डॉक्टरांकडे. यात लाजण्यासारखं काही आहे का? मुळीच नाही. उलट प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून वर्गात आलेल्या मुलाचा काय रुबाब असतो! त्या प्लास्टरवर आपलं नाव लिहायला सगळे धडपडतात.

आता सांगा, मन दुखलं तर? रोज शाळेची वेळ झाली की छातीत धडधडतं, रात्र रात्र झोप लागत नाही, आवडता खेळसुद्धा नकोसा वाटतो, तर? इथं मात्र सगळे गप्प होतात. मनाच्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे वेड लागणं, असा एक जुना गैरसमज आपल्याकडे ठाण मांडून बसलाय. तो घालवायचा एक सोपा उपाय आहे. हे डॉक्टर तयार कसे होतात, ते शिकतात तरी काय, हे बघायचं. चला तर मग, मनाच्या डॉक्टरांच्या शाळेत!

साडेअकरा वर्षांचा अभ्यास

आधी थोडं गणित करू. बारावी झाली की एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं. मग मानसोपचार या विषयात एम.डी.ची तीन वर्षं. इतकं झालं की माणूस मानसोपचारतज्ज्ञ होतो. पण ज्याला खास मुलांसाठी काम करायचंय, तो पुढेही शिकतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या नामांकित संस्थेत बाल व किशोर मानसोपचाराचा डी.एम. हा आणखी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. करा बेरीज. झाली की नाही साडेअकरा वर्षं!

अमेरिकेतली रीत थोडी वेगळी. तिथं डॉक्टर झाल्यावर तीन-चार वर्षं मानसोपचाराचं प्रशिक्षण आणि त्यावर दोन वर्षांची फेलोशिप. फेलोशिप म्हणजे काय, तर चांगला शिकला-सवरलेला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होतो. रुग्ण तपासतो आणि प्रत्येक रुग्णाबद्दल आपल्या गुरूंशी बसून बोलतो. काय पाहिलं, काय विचारलं, काय विचारायचं राहिलं, सगळं!

एवढा अभ्यास कशासाठी? कारण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. मोठा माणूस म्हणेल, “डॉक्टर, मला फार उदास वाटतं.” सहा वर्षांची छकुली म्हणेल, “माझं पोट दुखतं.” दहा वर्षांचा मुलगा काहीच म्हणणार नाही, तो शेजारच्याला गुद्दा मारेल. आणि चौदा वर्षांची ताई खोलीचं दार लावून घेईल. दुखणं कदाचित एकच, पण बोली तीन! या सगळ्या बोली शिकायच्या, तर वेळ लागणारच ना?

सुरुवात झाली न्यायालयातून

या शास्त्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८९९ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. चोरी करणारी, घरातून पळालेली मुलं तिथं येत. पण नुसती शिक्षा करून काय होणार? ही मुलं अशी का वागतात, हे नको का शोधायला? म्हणून १९०९ साली डॉ. विल्यम हीली यांच्या देखरेखीखाली एक संस्था निघाली. हीली मुलाचं शरीर तपासत, त्याच्या घरची चौकशी करत आणि मग त्या मुलालाच विचारत, “तुझी गोष्ट तू सांग.” तोवर असं विचारणारे फार थोडे होते.

१९३० साली बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांनी मुलांच्या मानसोपचाराचा विभाग सुरू केला. १९३८ मध्ये त्यांच्याकडे मिसिसिपी राज्यातून पाच वर्षांचा डोनाल्ड आला. त्याला आकड्यांची विलक्षण आवड, पण माणसांकडे फारसं लक्ष नाही. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. किती पानांचं असेल? तब्बल ३३ पानांचं! मुलगा काय खातो, काय बोलतो, कशाने घाबरतो, सगळं बारकाईने लिहिलेलं. डोनाल्ड आणि आणखी दहा मुलांची निरीक्षणं एकत्र करून कॅनर यांनी १९४३ साली एक निबंध लिहिला. आज आपण जिला ‘स्वमग्नता’ म्हणतो, तिची नीट ओळख जगाला त्यातून झाली. डोनाल्डचं पुढे काय झालं? तो मोठा झाला, बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, देशोदेशी हिंडला. २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी तो वारला.

आपणही मागे नव्हतो बरं का! मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. आजची ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ ती हीच. तिने दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, बालमार्गदर्शन केंद्र उघडलं.

खेळायला शिकणारे डॉक्टर

आता या शाळेच्या वर्गात डोकावू. तिथं काय दिसेल? बाहुल्या, ठोकळे, खडू, रंग! होय, इथं मोठमोठे डॉक्टर जमिनीवर मांडी घालून मुलांशी खेळायला शिकतात. लहान मूल मनातली गोष्ट खेळातून सांगतं. बाहुलीला रोज कोण रागावतं, चित्रातल्या घरात कुणाला काढलंय आणि कुणाला वगळलंय, हे बघायला डोळा तयार करावा लागतो. पण नुसतं एक चित्र बघून निष्कर्ष काढायचा नाही, हेही इथंच शिकवतात.

लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी सुमारे ४० वर्षं मुलांना तपासलं. त्यांचा एक खेळ तुम्हीही खेळून बघा. डॉक्टर डोळे मिटून कागदावर एक वाकडीतिकडी रेघ मारत. मुलाने तिचं काहीतरी बनवायचं, साप म्हणा, डोंगर म्हणा, आजोबांची मिशी म्हणा! मग मुलाने रेघ मारायची आणि डॉक्टरांनी चित्र पुरं करायचं. असं करता करता भीती पळून जाई आणि बोलणं सुरू होई.

काही ठिकाणी खोलीच्या भिंतीत एक खास काच असते. एका बाजूने आरसा, दुसऱ्या बाजूने खिडकी. मुलाला आणि पालकांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन, गुरू पलीकडे बसतात आणि आपला शिष्य मुलाशी कसा बोलतो ते बघतात. म्हणजे डॉक्टरांचीही तोंडी परीक्षा चालूच!

आणखी काय काय शिकायचं असतं? अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला खरं तर कमी ऐकू येत नाही ना, कमी दिसत नाही ना, हे आधी तपासायचं. वाचताना अक्षरं अडतात का ते पाहायचं. औषध लागतंच असं नाही. लागलं तर वय आणि वजन बघून, थोड्यापासून सुरुवात करायची. आई-बाबांशी बोलायचं, शाळेशी बोलायचं. निम्हान्समध्ये मूल दाखल झालं, तर घरचं माणूस त्याच्यासोबतच राहतं. कारण मूल एकटं बरं होत नाही, सगळं घर मिळून त्याला बरं करतं.

आणि सर्वांत महत्त्वाचा धडा म्हणजे विश्वास. मुलाने सांगितलेलं डॉक्टर गावभर करत नाहीत. मात्र त्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याला इजा करत असेल, तर ते मोठ्यांना सांगावंच लागतं. ही गोष्टही चांगला डॉक्टर मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

विचारल्याशिवाय कळत नाही

इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तीच मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा भेटले. तेव्हा काय आढळलं? कित्येक मुलं मनातून खूप दुःखी होती, पण त्यांच्या आई-वडिलांना आणि शिक्षकांना त्याचा पत्ताच नव्हता! मुलांना स्वतंत्रपणे, शांतपणे विचारलं, तेव्हाच ते कळलं.

पालकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आम्ही शिक्षक वर्षातले किमान दोनशे दिवस मुलांसमोर असतो, तुम्ही तर रोजच. तरीही न विचारता सगळं कळतं, असं आपल्यापैकी कुणी समजू नये. आपल्या देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांचा वर्ग धरला, तर सरासरीने चार मुलं. यातल्या कुणाला आपण ‘आळशी’ म्हणतो, कुणाला ‘नाटकी’, कुणाला ‘हट्टी’. शिक्का मारायला क्षणही लागत नाही, पण तो पुसायला वर्षं जातात.

मग करायचं काय? डोनाल्डच्या वडिलांसारखं लिहा. ३३ पानं नकोत, वहीचं एक पान पुरे. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, त्रास कधी होतो, सुट्टीच्या दिवशीही होतो का? वागण्यातला बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर ते पान घेऊन वर्गशिक्षकांना आणि डॉक्टरांना भेटा. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. मुलांचे खास तज्ज्ञ जवळपास नसतील, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

मुलांनो, तुमच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. अडचणीतलं कुठलंही मूल तो रात्रीबेरात्रीही फिरवू शकतं. पाठ करून ठेवा. दहा, नऊ, आठ. सोपं आहे ना? आणि मन दुखत असेल, तर एका तरी मोठ्या माणसाला सांगा. आई, बाबा, आजी, बाई, सर, कुणीही चालेल. एकाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा.

तुमच्या वर्गातला एखादा मित्र अशा डॉक्टरांकडे जात असेल, तर त्याला चिडवायचं नाही. त्याच्या मनावर प्लास्टर आहे, एवढंच समजायचं. ते दिसत नाही, म्हणून त्यावर नाव लिहिता येत नाही. पण मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसता तर येतं!