कुंडींतील कोरफड मान कां टाकते?

पुण्यांत बिऱ्हाड केलेल्या मुलाबाळांच्या घरीं आपल्या सभासदांचें जाणें-येणें वरचेवर असतें. अशा घरांच्या गॅलरींत तुळशीच्या खालोखाल जें एक झाड हटकून आढळतें, तें कोरफडीचें होय. कोठें भाजलें, खरचटलें, केंस धुवावयाचे झाले, कीं एक पान कापून गर काढावयाचा, असा घरोघरचा परिपाठ आहे. हीच कोरफड एके दिवशीं मान टाकते, पानें कुंडीच्या कांठावरून खालीं लोंबूं लागतात, आणि घरचें माणूस तांब्याभर पाणी आणून तिच्या बुडाशीं ओततें. आमच्या मतें घरच्या कोरफडी मरतात त्या बहुतेक या तांब्यानेंच मरतात. म्हणून या अंकांत एवढ्याच विषयाचा विचार करावयाचें योजिलें आहे.

पिकानें मान टाकली कीं पाणी द्यावें, ही आपली पिढीजात समजूत. व जिरायत भागांत ती बहुधा खरीही ठरते. परंतु कोरफड म्हणजे ज्वारी नव्हे. ती मूळची अरबस्तानासारख्या रुक्ष प्रदेशांतली. तिचें पान ही पाण्याची पखालच आहे. इतर झाडें पानांवरील सूक्ष्म छिद्रें दिवसा उघडतात, कोरफड तीं रात्रींच्या थंडाव्यांत उघडते; त्यामुळें उन्हांत तिचें पाणी फारसें उडून जात नाहीं. अशा झाडाला महिनाभर पाणी न मिळालें तरी तें सहसा मरत नाहीं. मुळांभोवतीं चिखल राहिला तर मात्र थोड्याच दिवसांत कुजूं लागतें. कारण मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं हवा निघून जाते, मुळें गुदमरतात, बुरशी त्यांना ग्रासते, आणि कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणजे कुंडींत पाणी आहे व झाड तहानलेलें आहे, अशी स्थिति होते. पान लोळतें तें तहानेनेंच. पण ती तहान पाण्यानें भागणारी नसते.

कालव्याखालीं जमीन असलेल्या वाचकांस हें नवें वाटूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी सुरू झालें, आणि पुढें त्या खोऱ्यांतील कित्येक सखल रानें पाणथळ व खारवट झालीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे त्या वेळचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१० च्या सुमारास या जमिनींचा अभ्यास केला होता. अशा रानांत पाय रुततो आणि ऊंस पिवळा पडून सुकतो. तेथें पाण्याची आणखी एक पाळी देऊन कांहीं साधत नाहीं. चर काढून निचरा करावा लागतो. कुंडी म्हणजे वीतभर रुंदीचें असेंच एक रान समजावें.

महसूल खात्यांत आम्ही लेखणी चालवीत असतां, जागेवर जाऊन पाहणी केल्याविना पंचनामा लिहूं नये असा दंडक होता. तोच येथें पाळावा. प्रथम पान दोन बोटांत धरून दाबावें, मग एक कोरडी काडी मातींत चार बोटें खोल खुपसून पाहावी, आणि शेवटीं कुंडी उचलून तिचा भार अजमावावा. पान पातळ, सुरकुतलेलें, पन्हळीसारखें आंत मुडपलेलें, पण हाताला चिवट लागत असेल, काडी कोरडी निघाली व कुंडी हलकी असेल, तर झाड खरोखरच तहानलेलें आहे. त्यास पोटभर पाणी द्यावें. उलट खालचीं पानें पिवळट व पारदर्शक होऊन दाबल्यास पचपचीत लागत असतील, बुंधा तपकिरी झाला असेल, काडीला ओली माती चिकटून कुबट वास येत असेल, तर मुळें कुजलीं असें निश्चित समजावें. तिसरा प्रकार शहरांत फार दिसतो. पानें टणक असतात, पण लांबट, फिकीं व अरुंद होऊन आडवीं पसरतात. हा अंधाराचा परिणाम. उत्तरेकडील गॅलरी, तिला जाळी, जाळीवर वाळत घातलेले कपडे. मग कोरफडीला ऊन दिसावें कोठून? तिला सकाळचें तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागीं न्यावें. मात्र एकदम भर उन्हांत ठेवूं नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवावें. एकदम नेल्यास पानें तांबूस पडतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून काढावा.

मुळें कुजलीं असतील तर नुसतें पाणी बंद करून भागत नाहीं. झाड मातीसकट बाहेर काढावें, माती झाडून टाकावी, आणि काळीं, लिबलिबीत झालेलीं मुळें स्वच्छ धारदार चाकूनें निरोगी भाग लागेपर्यंत कापावीं. बुंधाही सडला असेल तर तोही पांढरा, कोरडा गाभा दिसेपर्यंत छाटावा. नंतर झाड सावलींत चार-सहा दिवस उघडें ठेवावें. ऊंसाचें बेणें किंवा केळीचा कंद ताजा लावणाऱ्या आपल्या लोकांस हें ऐकून नवल वाटतें, पण कोरफडीची ताजी जखम ओल्या मातींत गेली कीं पुन्हां कुजते. तिच्यावर खपली धरूं द्यावी. आपल्याकडील काळी माती कुंडींत मुळींच घालूं नये. तांबडी माती दोन भाग, जाडी वाळू एक भाग, विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम एक भाग व मूठभर जुनें कुजलेलें शेणखत, एवढें पुरे. रोपवाटिकेंतून आणलेलें रोप पुष्कळदा नारळाच्या काथ्याच्या भुशांत असतें. तो भुसा ओल फार दिवस धरतो, म्हणून तो झाडून मगच लावावें. कुंडी मातीची, तळाला भोंक असलेली घ्यावी. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊं नये. त्यापुढें भोंकांतून निथळेपर्यंत एकदां द्यावें, आणि वरची दोन इंच माती वाळल्याविना पुन्हां देऊं नये. पुण्यांतील उन्हाळ्यांत हें अंतर सुमारें आठ-दहा दिवसांचें पडतें, थंडींत पंधरा-वीस दिवसांचें. जून ते सप्टेंबर कुंडी गच्चीवर उघडी न ठेवतां छपराखालीं घ्यावी.

कुंडीखालची बशी हेंही दुखण्याचें एक मूळ आहे. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतें म्हणून लोक ती ठेवतात. पण तींत सांचलेलें पाणी तळांतून पुन्हां वर चढतें, शिवाय डेंग्यूचे डांस तेथेंच वाढतात. बशी ठेवावयाचीच तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासानें रिती करावी.

एकदां लोळलेलें जून पान बहुधा पुन्हां उभें राहत नाहीं. दोरीनें बांधून तें उभें करणें व्यर्थ. झाड सुधारलें कीं नाहीं हें मधल्या कोंबावरून ओळखावें. तो टणक व हिरवा निघूं लागला कीं काम झालें. झाड वांचण्यासारखें नसेल तर शेजारचीं पिलें मुळांसह वेगळीं करून लावावीं. पानफुटीप्रमाणें कोरफडीचें पान मातींत खोंचून रोप होईल अशी आशा करूं नये, तें कुजतें.

वरील सर्व कोरफडीपुरतें आहे. पुण्यांत ब्रह्मकमळ म्हणून जें घरोघर लावतात व ज्याचें फूल पाहण्यास रात्रीं शेजारी जमतात, तेंही मांसलच, पण निवडुंगाच्या कुळांतलें व मेक्सिकोकडील अरण्यांत झाडांच्या आधारानें वाढणारें आहे. त्याला सावली, पालापाचोळ्याचें खत व थोडी अधिक ओल लागते. त्याचीं पानें म्हणून जीं दिसतात तीं वास्तविक चपटीं खोडें होत, व तीं जात्याच लोंबतात. त्यांस काठीचा आधार द्यावा.