कळव्याच्या खाजणापासून पनवेलच्या वाणांपर्यंत

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर कळवा, विटावा, खारेगाव या गावांची सखल जमीन मुळात भरतीच्या पाण्याची. बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारे) बसवून आगरी आणि कोळी शेतकऱ्यांनी अशा खाजणांतून भात पिकवला. 1882 सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने खाऱ्या जमिनीतल्या या भाताची वेगळी दखल घेतली आहे: इथे नांगर नाही, राबही (रोपासाठी जमीन भाजणे) नाही, पावसाने जमीन भिजली की चिखलातच बी टाकायचे, पाणी जास्त असेल तर आधी मोड आणून. मोड आलेले बी टाकण्याच्या या रीतीला कोकणात रहू पद्धत म्हणतात.

आश्चर्य असे, की भात हे मीठ सोसणारे पीक नव्हेच. मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेल्या तक्त्यात मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की दर एककामागे भाताचे उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घटते. सातूचे उत्पन्न 8 पर्यंत टिकते. मग खाजणात भात कसा पिकला? भात पाण्यात उभा राहू शकतो आणि कोकणचा पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो, हे त्याचे उत्तर. रुजणारे बी आणि फुटवे येणारे रोप बराच खार सोसते. नाजूक ठरतात त्या दोनच अवस्था, दोन-तीन पानांचे कोवळे रोप आणि फुलोरा. पावसाने वरचा थर गोडा होईपर्यंत थांबून पेरणाऱ्या शेतकऱ्याने यातली पहिली अवस्था बरोबर सांभाळली होती. दुसरी त्याच्या हातात नव्हती. पाऊस लवकर ओसरला की खालचे मीठ केशाकर्षणाने वर चढते आणि लोंब्यांत पळिंज भरते.

पिकाच्या आत काय घडते, याचा उलगडा पुढे टप्प्याटप्प्याने झाला. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ राना मन्स यांच्या मांडणीनुसार खाराचा मार दोन प्रकारचा. पहिला तात्काळ: मीठ पाणी धरून ठेवते, मुळांना ते ओढता येत नाही, आणि नवी पाने लहान निघतात. दुसरा सावकाश: सोडियम पानांत साचत जातो. शेतात तो आधी जुन्या पानांवर दिसतो. शेंडा पांढुरका पडतो, मग कडा करपत देठाकडे येतात, तेव्हा मधले कोवळे पान अजून हिरवेच असते. जुनी पाने खर्ची घालून रोप नवी वाचवते. 2005 मध्ये बंगालच्या नोना बोकरा या भातातील एक जनुक उलगडले गेले. त्यापासून बनणारे प्रथिन मुळांकडून वर चढणाऱ्या रसातला सोडियम वाटेतच काढून घेते, त्यामुळे पानांपर्यंत तो कमी पोचतो.

हे कळण्याच्या कितीतरी आधी कोकणातल्या शेतकऱ्यांनी काळा राता आणि भुरा राता हे लाल तांदळाचे वाण राखले होते. काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 हे निवडक वाण त्यांतूनच आले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल 1, 2 आणि 3 ही अधिक उत्पन्नाची भाते दिली. या कामाचे मोल मोठे आहे. पण बांधाला खांड पडली, तर कुठलाही वाण पुरत नाही. उधाणाचे पाणी आत शिरले की सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा मंदावतो आणि जमीन पूर्ववत व्हायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणूनच 1948 च्या मुंबई खारभूमी कायद्याचा आणि 1979 च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याचा भर बांधांवर होता.

कळव्यात मात्र शेतीच मागे पडली. 1982 मध्ये कळवा ठाणे महापालिकेत आल्यावर खाडीकाठच्या जमिनींवर वस्ती वाढत गेली. खाडीलगत आता तिवरांचे राज्य आहे. पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकणारे हे झाड भाताला न जमणारे काम सहज करते. बांधाआडचा खारभात पाहायचा, तर आता रायगडच्या पेण-अलिबागकडील खारेपाटात जावे लागते.