पानं सारखीच निघाली, तर डाव कुणाचा?

समजा, तुमची बदली लखनौला झाली. कानपूर रोडवर, अमौसी विमानतळाजवळ, सरोजिनी नगरात घर मिळालं. लक्ष्मीपूजन आटोपून तुम्ही चकली-चिवड्याचं ताट घेऊन शेजारी गेलात, तर तिथे चादर अंथरलेली आणि मधोमध पत्त्यांचा कॅट. ‘आइए भाई साहब, बैठिए!’ आपल्याकडे सुट्टीत मेंढीकोट, झब्बू, बदाम सात चालतं, पण दिवाळीच्या रात्री पत्ते खेळणं हा उत्तरेत शकुन मानतात. दुसऱ्या दिवशी लखनौत ‘जमघट’ असतो, म्हणजे आकाशभर पतंग. आपण त्या दिवशी पाडवा करतो. त्याच कार्तिक प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असंही जुनं नाव आहे आणि शंकर-पार्वती सोंगट्या खेळल्याची गोष्टही तिच्याशी जोडलेली आहे. तेव्हा लाजू नका, बसा.

खेळ अर्थातच तीन पत्ती. एकेक जण पानं टाकून बाहेर पडतो, शेवटी तुम्ही आणि शेजारी दोघेच उरता. तुम्ही ‘शो’ मागता. तुमच्याकडे राजा, गुलाम, छक्की. त्यांच्याकडेही राजा, गुलाम, छक्की! रंग तेवढे वेगळे.

आता गोंधळ ठरलेला. कुणी म्हणेल, अर्धं-अर्धं वाटा. कुणी म्हणेल, ज्याचा राजा इस्पिकचा तो जिंकला. घरातल्या आजी मात्र शांतपणे सांगतील की ज्यानं शो मागितला तो हरला. नियमानं बरोबर आजीच आहेत. म्हणजे तुम्ही हरलात.

हे अन्यायाचं वाटेल, पण जरा थांबा. शो मागण्याचा अर्थ ‘माझी पानं तुमच्यापेक्षा भारी आहेत’ असा दावा करणं. दावा करणाऱ्यानं तो सिद्ध करायचा. बरोबरी म्हणजे भारी नव्हे, म्हणून दावा फेटाळला. इंग्रजांचा ‘ब्रॅग’ हा तीन पत्तीचा जवळचा नातेवाईक, त्यातही हाच रिवाज आहे. ‘साइड शो’लाही तेच लागू. शेजारच्या खेळाडूशी गुपचूप पानं ताडून पाहिली आणि ती सारखी निघाली, तर ज्यानं विचारलं त्यानं पानं टाकायची. मला हा नियम फार आवडतो. यात नशिबाला जागा नाही, शो मागावा की आणखी एक चाल खेळावी या निर्णयालाच किंमत आहे.

पण बरोबरी झाली असं म्हणण्याआधी ती खरीच झाली आहे का, हे बघा. निम्मी भांडणं इथेच मिटतात. दोघांकडे राजांची जोडी असेल तर तिसरं पान बघायचं, नव्वी सत्तीला हरवते. दोघांकडे एकाच रंगाची तीन पानं असतील तर सर्वांत मोठं पान, ते सारखं असेल तर दुसरं, मग तिसरं. तिन्ही जुळली तरच बरोबरी. तीन एक्के किंवा तीन दश्श्या अशा ‘ट्रेल’मध्ये मात्र बरोबरी शक्यच नाही, कारण कॅटमध्ये एका किमतीची चारच पानं असतात. जाता जाता एक गंमत. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात बनतात. त्यांत ट्रेल 52 आणि एकाच रंगाचा ओळीतला क्रम, म्हणजे ‘प्युअर सिक्वेन्स’, 48. जास्त दुर्मीळ क्रमच, तरी मान ट्रेलला!

मग इस्पिकवाल्यांचं काय? काही घरांत इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर अशी उतरंड लावून निकाल देतात. ब्रिजमध्ये बोली लावताना रंगांचा असा क्रम असतो, तिथून ही सवय आली असेल तर नवल नाही. पण इथे ते मला 2019च्या विश्वचषक अंतिम सामन्यासारखं वाटतं. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकार जास्त म्हणून इंग्लंड जिंकलं. पुढे आयसीसीला तो नियम बदलावाच लागला.

पोकरमध्ये हात ठरवताना चारही रंग सारखेच. तिथे बरोबरी झाली की पॉट सरळ वाटून घेतात. आणि ती बऱ्याचदा होते, कारण टेक्सास होल्डेममध्ये मधली पाच पानं सगळ्यांची सामायिक असतात. समजा मधे दोन राजे, राणी, गुलाम आणि चौकी उघडी आहे, कुणाचाच रंग जुळत नाही. तुमच्या हातात एक्का-अठ्ठी, समोरच्याकडे एक्का-छक्की. तुम्हाला वाटेल, अठ्ठी मोठी, मी जिंकलो. नाही! सातांपैकी उत्तम पाचच पानं मोजतात. दोघांचीही तीच : दोन राजे, एक्का, राणी, गुलाम. अठ्ठी आणि छक्की हिशेबातच येत नाहीत. मोबाईलवर नव्यानं खेळणारे इथेच चिडतात आणि ‘ॲप फसवतंय’ म्हणतात.

एका बाबतीत मात्र पत्ते वाटण्याआधीच बोलून घ्या : एक्का-दुर्री-तिरी. काही घरांत हा सर्वांत मोठा क्रम, काही ठिकाणी एक्का-राजा-राणीच्या खालोखाल दुसरा. पोकरमध्ये तर एक्का, दुर्री, तिरी, चौकी, पंजी हा सर्वांत लहान क्रम. पानं उघडल्यावर हा वाद काढलात तर दिवाळी गोड होणार नाही.

आणि मधे पैसे नकोत, काजू-शेंगदाणे ठेवा. मराठवाड्यातल्या बातम्यांत ‘तिर्रट’ म्हणून जो जुगार पकडला जातो, तो हाच खेळ. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा 1887चा आहे, उत्तरेत 1867चा. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. काजूंवर कुणाचा आक्षेप नाही, फक्त डाव संपेपर्यंत मुलांनी ते खाऊ नयेत.

राहिला एक पेच. काही घरांत पॉटची मर्यादा ठरवतात. ती भरली की उरलेल्या सगळ्यांनी पानं उघडायची. इथे शो कुणीच मागितलेला नाही, मग बरोबरीत हरवायचं कुणाला? माझ्या मते इथे पोकरसारखं वाटून घ्यावं. एक काजू जास्त उरला, तर पोकरच्या टेबलावर असा सुटा चिप पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडून जो विजेता आधी बसलेला असेल त्याला मिळतो. घरी तो आजींना द्यायला हरकत नाही.