आजोबांचे डोळे नातवाकडे

इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतल्या पोराला विचारा, मोठेपणी कोण होणार? ‘ड्रायव्हर’. माझा धाकटाही तेच म्हणायचा. कसारा घाटाचा 37 फुटांना 1 फूट चढ, गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिनं, हे सगळं त्याला पाढ्यांआधी पाठ. मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगदृष्टी तपासायचं इशिहारांचं ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं आणि त्यातले बरेचसे आकडे त्याला दिसेचनात.

सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे असलं कुणाला नाही हो.” खरंच नाही. ही रंगांधता आली माझ्या माहेरून. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पिकलेला टोमॅटो दाबून ओळखायचे, आम्ही हसायचो.

लाल-हिरवा ओळखणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एकच एक्स मिळतं, तेही आईकडून. बापाकडून येतं वाय. म्हणून रंगांध बाप मुलाला हा दोष देत नाही, मुलींना मात्र सदोष एक्स देतोच. मुलीचं दुसरं एक्स सहसा सांभाळून घेतं. मी अशीच वाहक. माझ्या प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी, थोरला सुटला. मुलगी रंगांध व्हायला बहुधा दोन्हीकडून सदोष एक्स यावं लागतं. निळ्या-पिवळ्याची दुर्मीळ तऱ्हा वेगळी. तिचं जनुक सातव्या गुणसूत्रावर.

स्वीडनमध्ये 1875 साली लागरलुंडा इथे गाड्यांची टक्कर झाली. त्यामागे रंगांधता असावी असा संशय आला आणि त्यानंतर रेल्वेत रंगदृष्टीची तपासणी रुजत गेली. मला विचाराल तर रंगांधाला ड्रायव्हर न करण्याचा नियम बरोबरच आहे, पोटचं पोर अडलं तरी.

मुलाच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांचा गोंधळ होत असेल, तर मुलाची तपासणी दहावीआधीच करून घ्या.