रेसची वायर कुरकुरते तेव्हा

कोकणात कित्येक मुस्लिम घरांसमोर अजून जुनी मारुती ८०० उभी दिसते. १९८३ साली रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली, पण घरातून गेलेली नाही. कर्ता मुलगा आखातात, त्यामुळे ती निघते ईदला, लग्नसराईत किंवा अम्मीला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा. एरवी नुसती उभी. पावसाची आणि खाऱ्या हवेची झळ मग रेसच्या वायरीलाही बसते. पेडल जड होते, दाबताना किर्र आवाज येतो, आणि "जुनी गाडी, चालायचंच" म्हणून आपण सोडून देतो.

आवाज एकवेळ सहन करा. पाय काढल्यावर पेडल झटकन वर येत नसेल, तर मात्र गाडी बाहेर काढू नका. घाट उतरताना रेस अडकली तर ब्रेक लावूनही इंजिन पुढे ओढत राहते. तसे झालेच तर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी, ब्रेकने बाजूला थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

दोष शोधायला फार हत्यारे लागत नाहीत. इंजिन बंद आणि गार असावे. आधी पायाखालची मॅट उचलून पाहा, कधीकधी पेडल तिच्यातच अडकते. मग बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या टोकाची वायर सोडवा आणि तिथला खटका बोटाने फिरवा. तो स्प्रिंगने टपकन परत आला, तर कार्बोरेटर ठीक. आता मोकळी वायर हाताने मागेपुढे ओढा. ती खरखरली तर दोष तिचाच. सुळसुळीत सरकली तर पेडलच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून पाहा.

वायरीची एक जरी तार तुटून बाहेर आली असेल, तर तेल घालण्यात वेळ घालवू नका, नवी टाका. तारा शाबूत असतील तर वायर काढून उभी टांगावी, वरच्या टोकाला छोटी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून तिच्यात पातळ मशीनचे तेल ओतावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी खालून गंजाचे तांबूस पाणी टपकलेले दिसेल. आत प्लॅस्टिकची नळी असलेल्या वायरीला मात्र तेल नको, सिलिकॉनचा फवारा पुरे. ग्रीस कशालाच नको. धूळ धरून ते लापशीसारखे घट्ट होते.

काही मिस्त्री पेडल परत येत नाही म्हटले की दुसरी स्प्रिंग जोडून देतात. माझ्या मते ही मलमपट्टी वाईट. पेडल आणखी जड होते, वायर दुप्पट घासते आणि मूळ गंज जागच्या जागी राहतो.

बसवताना वायर मोठ्या वळणाने न्यावी, तीव्र कोन नको, तापणाऱ्या सायलेन्सरपासून लांब. टोकाशी किंचित ढील हवी, नाहीतर पाय काढला तरी रेस थोडी उघडीच राहते. शेवटची तपासणी दोघांनी करावी. अब्बांना चालकाच्या जागी बसवा, इंजिन बंदच असू द्या. त्यांनी पेडल तळाला टेकवले की कार्बोरेटरचा खटका पूर्ण उघडला पाहिजे, पाय काढला की पूर्ण मिटला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून पुन्हा दहा-बारा वेळा हेच करून पाहा.