शिक्षा भोगलेला अध्यापक आणि विद्यापीठाचा निर्णय

गंभीर अपराधाबद्दल न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीस विद्यापीठाने अध्यापक म्हणून नेमावे काय, हा प्रश्न वरकरणी एकच दिसत असला तरी त्यात वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. अशी व्यक्ती त्या पदास योग्य आहे काय, हा पहिला. आणि ही योग्यता कोणी व केव्हा ठरवावयाची, हा दुसरा. चर्चा बहुधा पहिल्यावरच खर्ची पडते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१४ साली उद्भवलेल्या प्रकरणाने दुसऱ्याचे महत्त्व प्रत्ययास आणून दिले.

२१ एप्रिल १९७५ रोजी सिम्बियोनीज लिबरेशन आर्मी या सशस्त्र गटाने कॅलिफोर्नियातील कारमायकल येथे एका बँकेवर दरोडा घातला. चर्चची वर्गणी भरण्यास आलेल्या मर्ना ऑप्साल या चार मुलांच्या मातेचा त्यात गोळी लागून अंत झाला. दरोड्यात सामील असलेले जेम्स किलगोर सुमारे २७ वर्षे फरारी होते. या काळात नाव बदलून त्यांनी आफ्रिकेत अध्यापनही केले. २००२ साली केपटाऊन येथे ते पकडले गेले. गोळी त्यांनी झाडलेली नव्हती. तथापि द्वितीय श्रेणीच्या खुनाचा अपराध त्यांनी कबूल केला आणि शिक्षा भोगून २००९ साली ते सुटले. पुढे इलिनॉय विद्यापीठाने त्यांना मुदतीच्या कराराने अध्यापनाचे काम दिले. आपली पूर्वहकीकत त्यांनी विद्यापीठापासून लपविली नव्हती.

२०१४ च्या आरंभी एका स्थानिक वृत्तपत्राने हा सारा इतिहास छापला आणि लवकरच, यापुढे करार मिळणार नाही, असे त्यांना कळविण्यात आले. अध्यापकवर्गातून निषेध झाला, समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वस्तमंडळाने विभागांना त्यांची पुन्हा नेमणूक करण्याची मोकळीक दिली. या अवधीत त्यांच्या अध्यापनाविषयी कोणतीही नवी गोष्ट उजेडात आली नव्हती. जे आधीपासून ठाऊक होते ते लोकांस ठाऊक झाले, एवढाच काय तो फरक. नेमणुकीच्या वेळी जी गोष्ट बाधक वाटली नाही ती बोभाटा होताच बाधक ठरावी, यात विचारापेक्षा भयाचाच भाग अधिक होता असे म्हणणे भाग आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही निःसत्त्व नाही. अध्यापकाचे पद हे केवळ उपजीविकेचे साधन नसून त्याला मान आहे, आणि हा मान मृताच्या आप्तांस जिव्हारी लागू शकतो. खटला उभा राहावा म्हणून ऑप्साल यांच्या मुलास वर्षानुवर्षे झटावे लागले होते, हेही विसरता येत नाही. परंतु शिक्षेचे प्रमाण ठरविणे हे न्यायालयाचे काम होय. त्यात आपल्याकडून भर घालण्याचा अधिकार विद्यापीठास नाही. विद्यापीठाने पाहावयाचे ते अपराध आणि पद यांतील नाते. विद्यार्थ्यांवर अत्याचार केल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीस वर्गात पाठविणे कोणीही समर्थनीय मानणार नाही. उलटपक्षी, १९८१ च्या ब्रिंक्स दरोड्यात तीन माणसे मारली गेली. त्या प्रकरणी शिक्षा भोगलेल्या कॅथी बूदँ यांना कोलंबिया विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयात २००८ साली अध्यापनाचे काम मिळाले, तेव्हा कारागृहात एड्सग्रस्त स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कार्य त्या विषयाच्या अगदी निकटचे होते. त्या नेमणुकीवरही पुढे टीका झालीच.

भारतीय विधीत हेच नाते वेगळ्या वाटेने पुढे येते. अपराध्यांच्या परिवीक्षेसंबंधीच्या १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये, परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे जडणारी अपात्रता लागू होत नाही. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, उमेदवाराने खरी माहिती दिली असली तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्यास अधिकार आहे. आणि माहिती दडविली असल्यास अपराधाचे स्वरूप व पदाचे स्वरूप दोन्ही तोलून पाहावीत. हा निर्णय विशेषतः विद्यापीठांसाठी नव्हे. परंतु अध्यापकाच्या नेमणुकीसही तो गैरलागू ठरू नये.

अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने २००४ च्या अहवालात सर्वच उमेदवारांच्या सरसकट गुन्हेविषयक चौकशीस प्रतिकूल मत दिले होते. इलिनॉय विद्यापीठाने मात्र २०१५ साली नव्या नेमणुकांपूर्वी अशी चौकशी करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे माहिती आधी हाती येऊ लागली. ती वाचून निर्णय घेणारे विषयाचे जाणकार असावेत की कार्यालयीन अधिकारी, एवढा वाद उरला.