समुद्रावरचा ढग कधी उठेल?

वैशाखातला वळीव आगाऊ वर्दी देऊन येतो. सकाळपासून जमीन तापते, दुपारी अंगाची काहिली होते, तिसऱ्या प्रहरी ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सरी कोसळतात. हे वेळापत्रक देशावरच्या शेतकऱ्याला पाठ असते. मला कुतूहल आहे ते समुद्राचे. तिथे तापणारे माळ नाहीत की डोंगर नाहीत. मग भर समुद्रात गडगडाटी ढग कधी उठेल, हे ओळखायचे कसे? होडी घेऊन दूर गेलेल्या कोळ्यासाठी हा प्रश्न जिवाचा आहे.

उष्ण कटिबंधात भर समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान दिवसा आणि रात्री सहसा एका अंशानेही बदलत नाही. त्यामुळे वळवाचे घड्याळ तिथे चालत नाही. उलट समुद्रावरचा पाऊस बरेचदा उत्तररात्री किंवा पहाटे जोर धरतो.

मग पाणी किती गरम हवे? पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ साली या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर दिले. हिंदी महासागराचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर उंच ढगांची दाटी क्वचितच होते. त्यावर गेले की शक्यता वाढते. पण खरी मेख पुढेच आहे. पाणी २८ अंशांच्या वर असूनही आकाश कित्येकदा निरभ्र राहते!

सरपण रचले म्हणून चूल पेटत नाही, काडी ओढावी लागते. इथे काडीचे काम वारे करतात. ते एकमेकांना भिडले की दमट हवा वर ढकलली जाते. आधीच्या पावसाने गार झालेली हवा पसरतानाही नवे ढग उठवते. मात्र वरची हवा कोरडी असेल, तर ती चढत्या ढगात मिसळते, थेंबांची वाफ होते आणि ढग मध्येच विरतो. सरपण मात्र लवकर साठते. १९९९ च्या पावसाळ्यात ‘सागरकन्या’ आदी जहाजांवरून बंगालच्या उपसागराची पाहणी झाली. जोरदार पावसानंतर ढगांना लागणारी ऊर्जा एक-दोन दिवसांत पुन्हा भरून येते, असे तीत आढळले.

म्हणूनच अमुक भागात उद्या धोका आहे, हे सांगता येते, पण नेमका ढग कुठे आणि किती वाजता उठेल, हे आदल्या दिवशी सांगणे कठीण. समुद्रावर वेधशाळा विरळ, आणि किनाऱ्यावरच्या रडारची नजर काहीशे किलोमीटरांवर संपते.

धोक्याचा इशारा पाळला की कोळ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. त्यातून ढग आलाच नाही, तर वेधशाळेची चेष्टा होते. मला ती रास्त वाटत नाही. सरपण रचलेले आहे, एवढे कळले तरी होडी किनाऱ्याला ठेवावी. काडी कधी पडेल, याची वाट समुद्रात बसून पाहू नये.